शिकणारा रिमोट

प्रिय मावशी,

आधीच सांगते, लिहिण्यातल्या चुका पोटात घाल आणि उशिराबद्दल रागावू नकोस. दादाच्या फोनवर एका बोटाने टाइप करतेय, आणि ते बोट लाँड्रीतल्या इस्त्रीने भाजलंय, म्हणजे खरं तर अर्ध्याच बोटाने. (आई म्हणाली, तीर्थरूप लिही. त्यातला रफार कुठे चढवायचा ते कळेना, म्हणून तू प्रियच.) तुझा घसा कसा आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे सध्या एकमेकांशी बोलतायत. आणि हो, शनिवारी टीव्हीवर तुझं गाणं झालं ते आम्ही ऐकलं. पण कसं ऐकलं ते लांबलचक आहे. तोंडाने सांगायला जमलं असतं तर मी फोनच केला असता, पण माझं तुला माहीतच आहे.

तू आईला बजावलं होतंस ना, की गाणं मी दिलेल्या होम थिएटरवरच ऐकायचं, सगळ्यांनी एकत्र बसून, नाहीतर पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. आईने छातीवर हात ठेवून शब्द दिला. देताना ती एवढंच विसरली, की आमच्या घरात त्या सेटला चार रिमोट आणि चार मालक आहेत. टीव्हीचा रिमोट बाबांचा. चॅनेलच्या डब्याचा आईचा. आवाजाचा आजीचा (कारण ऐकू तिलाच कमी येतं, मग किती मोठा आवाज पुरे हे तिच्याइतकं कोणाला कळणार). डीव्हीडीचा दादाचा. आमच्याकडे डीव्हीडी एकही नाही, पण घरात रिमोट नसलेला माणूस म्हणजे पाहुणा, म्हणून तो तोही सोडत नाही. बाबा आंघोळीला गेले की टीव्ही लागत नाही. आई भाजीला गेली की चॅनेल बदलत नाही, मग आम्ही सगळे गप बसून शेअर बाजार बघतो. आजीला डुलकी लागली की आवाज जिथे असेल तिथे, आणि रिमोट तिच्या उशीखाली. काढायला गेलं की डोळे न उघडता हातावर फटका मारते.

मग शेवटी ठरलं, सगळ्याला मिळून एकच रिमोट आणायचा. पण आणणार कोण? ज्याने आणला तो त्याचा मालक होणार, हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा चौघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे रिमोट नाही, मत नाही आणि बोलणं तर नाहीच. अशी निःपक्षपाती व्यक्ती घरात दुसरी नव्हती.

निघताना बाबा चप्पल शोधायच्या निमित्ताने दारात आले आणि हळूच म्हणाले, टीव्हीचं बटण मोठं बघ. आईने पिशवी देताना पिशवीतच तोंड घालून सांगितलं, चॅनेलचं मोठं बघ. आजीने हळूच सांगितलं, पण तिचं हळूच वरच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही ऐकू जातं. दादाने नुसता डोळा मारला.

दुकानात गेले तर मावशी, एक अख्खी भिंत रिमोटची! दुकानदार एकेक काढून काउंटरवर मांडायला लागला आणि मला नको म्हणता येईना, त्यामुळे तो मांडतच राहिला. एकाला बटणंच नाहीत, नुसती काच. (आजीला काच दिली तर ती त्यात केस विंचरेल.) एक विटेएवढा, म्हाताऱ्यांसाठी खास, तो दादाच्या हाती गेला तर भांडणात डोकं फुटेल. एक फोनला जोडायचा, म्हणजे फोन कोणाचा हा नवा तंटा. मग त्याने कपाटातून एक चकचकीत काढला आणि म्हणाला, "हा घे ताई, एकदम भारी. बटण दाबायलाच नको, याच्याशी नुसतं बोलायचं." मी माणसांशी बोलत नाही, रिमोटशी काय बोलणार? आणि त्याने उलट काही विचारलं तर?

माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. त्याने एक साधा काळा रिमोट पुढे केला. हा शिकतो, म्हणाला. जुना रिमोट याच्यासमोर नाकाला नाक लावून ठेवायचा, जुन्याचं बटण दाबायचं, नव्याचं दाबायचं, झालं, तो शिकला. कुणी काही बोलायचं नाही. मला तो इतका आवडला की मी चक्क मोठ्याने "द्या" म्हणाले. मागचं गिऱ्हाईक दचकलं.

घरी आल्यावर मी चारही रिमोट टेबलावर घेऊन त्याला नीट शिकवलं. संध्याकाळपर्यंत पठ्ठ्या सगळं शिकला. बाबा कौतुकाने म्हणाले, "चला, शाळा सोडलेल्या पोरीने मास्तरकी तरी केली." मीही हसले, कारण खरंच छान वाटलं होतं.

घोटाळा झाला तो पुढे. नव्या रिमोटच्या मधोमध एक मोठं गोल बटण आहे. त्यावर मी आवाज ठेवला होता. बाबांना वाटलं, एवढं मोठं बटण आवाजाला कशाला? मी लाँड्रीत गेल्यावर त्यांनी जुना रिमोट नाकाला नाक लावून त्यावर टीव्ही चालू-बंद शिकवलं. बाबा गॅरेजला गेल्यावर आईने त्यावर चॅनेल शिकवला. बाबांचं बटण गेलं, पण ते तिला काय माहीत! आई भाजीला गेल्यावर आजीने शिकवलं, चष्म्याशिवाय, कुठल्या रिमोटवरून काय शिकवलं ते देवालाही ठाऊक नाही. दादाने तर उरलेल्या सगळ्या बटणांवर हात फिरवला. आणि प्रत्येकाने फक्त आपलं एक बटण तपासून, चालतोय की, म्हणून रिमोट जागच्या जागी ठेवला. हे सगळं गुपचूप. शनिवारी दुपारी दादाने जुने चारही रिमोट भंगारवाल्याला देऊन टाकले. आता कशाला अडगळ, म्हणाला.

संध्याकाळी सगळे पंगतीसारखे सोफ्यावर बसले. निवेदिकेने तुझं नाव घेतलं, आजीने ओरडून सांगितलं, मोठं कर! मी गोल बटण दाबलं. टीव्ही बंद. परत दाबलं. टीव्ही लागला, पण दुसरं बटण दाबताच पाचही स्पीकरमधून रेडिओवरचे एक गृहस्थ उद्याचं हवामान सांगायला लागले. तिसरं दाबलं तर डीव्हीडीने जीभ बाहेर काढली, ती टीव्हीखालच्या कपाटाच्या काचेवर आपटली. तिकडे तू स्टेजवर येऊन उभी, इकडे तुझ्या तोंडून तुरळक सरी.

"मी फक्त एकच बटण शिकवलं होतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही पण?" आई म्हणाली, आणि मग तिनेच जीभ चावली.

"मला कोणी सांगितलंच नाही की सगळे शिकवतायत," आजी म्हणाली.

आई रडकुंडीला आली. तू आता आमचं तोंड बघणार नाहीस, एवढंच घोकत होती. तेवढ्यात मला आठवलं, की यंत्रांना स्वतःचीही बटणं असतात! (आमच्या घरात हे कोणाला माहीतच नव्हतं.) पण काचेचं दार सोफ्याला अडतं, उघडत नाही. मग मी कपाटाच्या मागे घुसले. घरात तेवढी बारीक मीच. एक हात टीव्हीच्या पाठीवर, एक वायरच्या भोकातून आत, आणि गाल मोठ्या स्पीकरवर. बाहेरून चौघं ओरडतायत, वाढव, थांब, अगं थोडं कमी, आणि मी दाबतेय. आणि मग हवामानवाले गेले आणि तू आलीस.

मावशी, तू थेट माझ्या कानात गात होतीस. कपाटामागे अंधार, धूळ, कोणी बघणारं नाही. मला कळलंच नाही मी कधी तुझ्याबरोबर गायला लागले ते. हळूच नाही, चांगली मोठ्याने.

गाणं संपलं. बाहेर आई नाक ओढत असल्याचं ऐकू आलं. मग आजी म्हणाली, "दोघी गात होत्या." बाबा म्हणाले, "आई, एकटीच होती, तुला कमी ऐकू येतं." आजी हट्टाने म्हणाली, "दोघी होत्या. दुसरी कोवळी होती, पण छान होती." मी शिंक दाबून तिथेच बसून राहिले.

तुझी लाडकी (आणि आता घरातला एकमेव चालणारा रिमोट)

ता. क. मी तुला ऐकलं, पण बघितलं नाही. साडी कुठली होती?

ता. क. २. खरं तर एवढंच विचारायला सगळं लिहिलं: मी तुझ्याकडे गाणं शिकायला येऊ का? लाँड्रीतून सुट्टी काढीन. सुरुवातीला मध्ये एखादा पडदा लागेल, मग आपण तो हळूहळू सरकवू. आईला तूच फोन करून सांग. माझ्याने होणार नाही.

ता. क. ३. अगं हो, दादाचं लग्न ठरलं. आई तुला स्वतः सांगणार आहे, तेव्हा नीट दचक.