उलट्या पिळाची कांडी

प्रिय चिऊ,

सगळ्यात आधी उगवला तो बसड्रायव्हर. रिटायर झालेला, डोक्यावर औषधाला केस नाही, पण दारातून शिरला तो शाळा सुटलेल्या पोरासारखा. मागून त्याच्या दोघी बहिणी धापा टाकत, "दादा, अरे अजून किती दुकानं?" मला वाटलं, पत्ता चुकले. आपल्या गोळ्यांच्या दुकानात हल्ली येतं कोण? समोरच्या उंच इमारतीचं दार कुठंय ते विचारायला येतात.

तर या बाबाने बरणीतली लाल-पांढरी कांडी उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि ओरडलाच, "हीच! पीळ डावीकडे!" लहानपणी आई त्यांना अशी कांडी द्यायची, तिघांत एक, मोडून. हा म्हणायचा रेघा उलट्या फिरायच्या. बहिणी म्हणायच्या, तुझंच डोकं फिरलंय. जन्मभर हाच वाद! एवढ्या मोठ्या शहरात बस हाकली, पण थांबा आला की हा दुकानांच्या काचांत डोकवायचा म्हणे. सगळीकडे पीळ उजवीकडे. असणारच गं. साखर ओढायची, लाल पट्ट्या लावायच्या, दोर लाटून पिळायचा, सगळे उजव्या हाताने करतात. डावरी मी एकटी.

लग्न होऊन आले तेव्हा तुझे आजोबा म्हणाले, "हात बदल, गिऱ्हाईक हसेल." कोण्णी हसलं नाही. पुढे तुझ्या बापाच्या वेळी मी बाळंतीण होऊन पडले, तर हे आपले गुपचूप डाव्या हाताने पीळ देत बसले, बोटं भाजून घेतली. विचारलं तर म्हणे, "लोकांना तशीच सवय झालीय." लोकांना! लबाड कुठले.

हं, तर मी काय सांगत होते? धाकटी बहीण कांडी तोंडात धरून पदराने डोळे पुसायला लागली. थोरली खमकी. "बरं बाबा, तू खरा. आता उरलेला जन्म ऐकवू नकोस." तो ऐकवणार, ते त्याच्या तोंडावर दिसतच होतं. मी तिघांना बसवलं, सगळ्या बरण्या उघडून दाखवल्या, इकडून तिकडे नाचले. गुडघा दुखायचाच विसरला बघ.

त्या बरणीत शेवटच्या अकरा कांड्या होत्या. दुकान बंद करायचं ठरल्यापासून मी चुलीवर साखर चढवलीच नव्हती. पण त्यांना ते सांगवेना. तोंडातून निघून गेलं, "ताज्या करते, बघायला या."

म्हणून कागदावर हे कोंबडीचे पाय काढत बसलेय. रविवारी तुझा बाप टेम्पो घेऊन येणार, मला आणि सामानाला तुमच्याकडे न्यायला. त्याचा जीव माझ्यासाठीच तुटतो, ठाऊक आहे, म्हणून तर त्याच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. तुझं ऐकतो तो. त्याला सांग, आई चार दिवस राहायला हौसेने येईल, पण दुकान हलणार नाही. रविवारी यायचंच असेल तर टेम्पोशिवाय ये म्हणावं, माळ्यावरचं साखरेचं पोतं खाली उतरवून दे. बुधवारी सकाळी दहाला तिघं येणार आहेत, नातवंडांना घेऊन.

तुझीच,
आजी