चार वाजता आगटीवर माती

आबा, आपल्या शेतात आता शहरातली माणसं गाड्या घेऊन हुरडा खायला येतात आणि मी त्यांना तो विकते. हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. तुम्ही असतात तर एक शब्द बोलला नसतात. टोपी काढून मांडीवर आपटली असतीत आणि विहिरीकडे चालू लागला असतात, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं असतं. हुरडा विकायचा नसतो असं तुम्ही कधी सांगितलं नाही, पण तुमच्या वागण्यात ते होतं. गूळभेंडी ज्वारीचे दोन वाफे मुद्दाम बांधाच्या कडेला पेरायचात आणि आगटीत कणसं भाजायला लागली की बांधावर उभे राहून वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचात. वेरूळला निघालेला, रस्ता चुकलेला एक गोरा माणूस तुम्ही असाच धरून आणला होता आणि लसणाची चटणी खाऊ घालून त्याला रडवलं होतं. तो जाताना सगळ्यांच्या पाया पडला. बैलाच्यासुद्धा.

तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. शहराचं नाव बदललं आणि शहर स्वतः दौलताबादच्या रस्त्यानं सरकत सरकत आपल्या शिवाराला येऊन टेकलं. एक प्लॉटिंगवाला दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येतो, शेताचं नाव काढत नाही, फक्त तब्येतीची चौकशी करतो. यांचं म्हणणं, विकून मोकळं व्हावं. यांना शेतातलं काही कळत नाही, विकायचं तेवढं बरोबर कळतं. मी ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतली ती शेत राखायचं म्हणून, पण नुसत्या ज्वारीवर आणि पेरूवर ते राखलं जाईना. दोन वर्षं ओढाताण केली. तेव्हा ठरवलं की हिवाळ्यात हुरडा पार्टी आणि एरवी हळदी, वाढदिवस, छोटी लग्नं आपल्या रानात करू द्यायची. लिंबाखाली जागा सपाट करून घेतली, दोन खोल्या बांधल्या. आता फक्त ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी होती. ती मिळाली नसती तर पुढच्या दिवाळीचा डबा मी हसून घेतला असता, एवढं नक्की.

अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, कुणीही खूश होईल असं. शेवटी एक रकाना होता, लगतच्या शेतकऱ्यांची संमती. तिथे मी लिहिलं की विचारणा केली असून त्यांची हरकत नाही. लगतचे म्हणजे मुख्य चाचाच. बांधाच्या पलीकडे त्यांचा गोठा, अलीकडे आपला लिंब. मी चाचांना विचारलं नव्हतं. पण आबा, आपल्या दोन घरांत विचारायची पद्धत होती कधी? पहिला हुरडा सुपात घालून त्यांच्याकडे, त्यांची म्हैस व्याली की खरवस आपल्याकडे, ना कुणी मागितलं ना कुणी आभार मानले. विहिरीची पाइपलाइन त्यांच्या रानातून न्यायची होती तेव्हा तलाठ्यानं विचारलं, शेजाऱ्याची संमती आहे का, आणि तुम्ही बसल्या जागी म्हणालात, आहे. चाचांना ते संध्याकाळी कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती खोल घालायलास?" मी स्वतःची समजूत हीच घातली, की विचारायला गेले तर त्यांना परकं वाटेल.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या पत्र्याखाली भरली. अकराची वेळ होती म्हणून साडेबाराला सुरू झाली. वरच्या अंगाचा ऊसवाला आधी उठला. "इच्या पाव्हण्यांच्या गाड्या पाणंदीत लागल्यावर माझी ट्रॉली काय उडत जायची व्हय?" मी म्हटलं, गाड्या आमच्याच रानात लागतील, एकही पाणंदीत दिसली तर तुम्ही हवा सोडा. लोक हसले, तो बसला. मग बचतगटाच्या बाई उठल्या. "भाकरी थापायला आमच्याच बाया घ्यायच्या. शहरातून वाढपी आणायचे नाय. एवढं लिहून घ्या सायेब, मग आमचं काय म्हणनं नाय." कुणी दारूचं विचारलं, कुणी पत्रावळ्या कुठे टाकणार ते विचारलं. वीस वर्षं मी ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकल्यात, एकेकाला उत्तर देत गेले, आणि खरं सांगू, मला मजा यायला लागली होती. तेवढ्यात ग्रामसेवकांनी अर्जाचा शेवट मोठ्यानं वाचला, लगतच्या शेतकऱ्यांची हरकत नाही म्हणून. सगळ्या माना चाचांकडे वळल्या.

चाचा खांबाला टेकून बसले होते. हल्ली त्यांना उठायला वेळ लागतो. उठले, पैरणीची धूळ झटकली आणि म्हणाले, "ते शेवटचं परत वाचा, सायेब." ग्रामसेवकांनी परत वाचलं. "मला तर कुणी इचारलंच नाय," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या त्या त्यामुळेच. मग ते सावकाश बोलले. "हुरड्याचं काय नाय. पर हळदीला डीजे लागतो दुपार कलली की. तीच माझ्या धारंची येळ. धा म्हशी हायेत. आवाज झाला की म्हैस पान्हा चोरती. एक दिस चोरला तर चालतंय. रोज चोरला तर ती आटती. मंग मी काय करायचं, ह्या वयात?" मागून एकानं याला भलतंच वळण द्यायला तोंड उघडलं, तर चाचांनी वळूनही न बघता त्याला बसवलं. "म्हशीचं चाललंय भाऊ, म्हशीचंच बोल."

आबा, तो टेपरेकॉर्डरचा दिवस तुम्हाला आठवत असेल. मी चौदा-पंधराची आहे, मावशीच्या पोरी शहरातून हुरड्याला आल्यात, आणि त्यांनी आणलेला टेप मी लिंबाच्या बेचक्यात ठेवून पूर्ण आवाजात लावलाय. चार वाजून गेलेत. तुम्ही नेहमीप्रमाणे चारला आगटीवर माती टाकली, पोरींनी तोंडं वाकडी केली, आम्ही म्हटलं, भाजणं थांबलं म्हणून गाणी कशाला थांबवायची. तुम्ही विहिरीकडून चालत येताय. पाहुण्यांसमोर रागावला नाहीत. टेप खाली घेतलात, मागचं झाकण उघडलंत, चारही सेल काढून खिशात घातलेत आणि मला म्हणालात, "चल." बांध ओलांडून गोठ्यात नेलंत. चाची कासेला पाणी मारतायत, पाठीवर थाप देतायत, पारडू सोडून पुन्हा बांधतायत, आणि म्हैस डोळे मोठे करून नुसती उभी. कास दगडासारखी भरलेली आणि बादलीचा तळ कोरडा. "बघ," तुम्ही म्हणालात. "पान्हा चोरला तिनं." चाची मला रागावल्या नाहीत, उलट पारड्याला हात लावू दिला. ते सेल तुम्ही तिथेच चाचांच्या बॅटरीत घातलेत. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. चार वाजता आगटी का विझते हे मला त्या दिवशी कळलं, आणि इतकं साधं कारण तुम्ही कधी तोंडानं का सांगितलं नाही, याचाही राग आला.

ग्रामसभेत ऊसवाला पुन्हा उठला. हवा सोडायची परवानगी मिळूनही त्याचं समाधान झालं नव्हतं. "मंजी अर्जात खोटं लिवलंय की," तो म्हणाला. ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. खोटं म्हटलं की अर्ज गेला, अर्ज गेला की शेत गेलं, आणि गावासमोर तुमचं नाव गेलं ते वेगळंच. तेव्हा चाचाच म्हणाले, "खोटं नाय ते. हिच्या बापानं पाइपलाइनीच्या वक्ताला माझ्या वतीनं असंच सांगितलं व्हतं. आमच्यात इचारायची रीतच नाय. पोरगी बापावर गेली, त्यात तिचा काय गुन्हा? आन म्हशीचं तिला काय म्हाईत? ती शहरात ऱ्हायली." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पत्र्याखालच्या सगळ्यांनी ती पाहिली.

पुढचं त्यांनीच सुचवलं. "हिच्या बापाचा नेम व्हता. चार वाजता आगटीवर माती. तेवढं अर्जावर लिवा, मंग माझी सही घ्या." बचतगटाच्या बाईंनी लगेच पाठिंबा दिला, त्यांनाही अंधाराच्या आत घरी जायचं होतं. ठराव झाला, कार्यक्रम दिवसाचे, भोंगा नाही, डीजे नाही, चारला बंद. सरकारी कागदावर तुमचा नेम चढला, आबा, फक्त तुमच्या नावाशिवाय. मी ठरलेली पहिली हळद रद्द केली. नवरीची आई फोनवर म्हणाली, गाण्याशिवाय कसली हो हळद? तिचंही बरोबर होतं. दिवसाच्या कार्यक्रमांवर शेत तगेल की नाही हे मला अजून सांगता येत नाही. यंदाचा हिवाळा बरा गेला, एवढंच म्हणते. शहरातली माणसं येतात, आगटी म्हणजे काय ते विचारतात. मी सांगते, कणसं भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा. फोटो काढतात, तळहात पोळून घेतात, चटणीनं रडतात. चारला मी स्वतः फावडं घेते. कुणी कुरकुरलंच तर बांधाकडे बोट दाखवते आणि म्हणते, तिकडे धारा काढायची वेळ झाली. कारण तोंडानं सांगते मी, तुमच्यासारखी गप्प बसत नाही.

पौषात पहिली आगटी पेटली तेव्हा पहिला हुरडा सुपात घालून, वर फडकं टाकून मी गोठ्यात गेले. चाची आता नाहीत, सून धारा काढते. चाचा बाजेवर बसले होते. त्यांनी चिमूटभर हुरडा तोंडात टाकला, दात कमी झालेत म्हणून बराच वेळ घोळवला. "गूळभेंडीच हाय ना बेटा?" म्हणाले. मी हो म्हटलं. एवढं बोलून उठणार तर ते गोठ्याच्या खुंटीकडे बघत, सहज बोलावं तसं म्हणाले, "तुझ्या त्या सेलवर माझी बॅटरी लई दिस चालली व्हती." मी सूनबाईंना म्हटलं, सूप राहू दे, उद्या नेईन. महिना होत आला, सूप अजून तिकडेच आहे.

हे पत्र आगटीत टाकावं असं मनात होतं. पण कागदाच्या धुराचा वास कणसाला लागतो म्हणून तुम्ही बिडीचं पाकीटसुद्धा टाकू देत नव्हतात. तेव्हा ते माझ्याकडेच राहील. तुम्हाला सांगते, कारण चाचांपुढे अजून जीभ रेटत नाही. शहरात राहिले म्हणून मला माहीत नव्हतं, असं काही नाही, आबा. अर्जाचा तो रकाना भरताना मी पेन ठेवून उठले होते, पाणी प्याले होते. कोरडी बादली मला दिसत होती. विचारलं असतं तर तुमच्या नावाखातर चाचा हो म्हणाले असते आणि म्हशी आटल्या तरी बोलले नसते, हेही ठाऊक होतं. तो होकार त्यांच्या तोंडून ऐकायला नको होता, म्हणून विचारलं नाही, आणि परत येऊन लिहिलं, हरकत नाही. मग भर सभेत त्यांनी मला वाचवायला एक खोटं पुढे केलं आणि मी मान डोलावली.