अंगणाला भिंत नको

अबू फारेस,

पहाटे तुम्ही पांघरुणातून पुटपुटत होतात, "आले चालणारे! आता कुत्री, आता धूळ." मी जागीच होते. सातला भिंतीसाठी गवंडी आला, त्याला कॉफी पाजून परत पाठवलाय. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

दारावरून डोंगरावर जाणाऱ्या या भटक्यांच्या पायवाटेचा त्रास मलाही आहे. जर्दाळू धड पिकायच्या आत लोकांच्या खिशात जातात. शिवाय आपली माणसं 'या, जेवायला बसा' म्हटलं की तीनदा नको म्हणून पुढे जातात. हे परदेशी पहिल्याच हाकेला पाठीवरची ओझी उतरवतात. आजही चौघांना मी सवयीनं बोलावलं आणि डोंगरावरून उतरताना ते खरंच जेवायला येणार आहेत. म्हणून भट्टीवर रोट्या भाजून आणायला चाललेय. तुमची गोळी बशीखाली आहे.

पण मुलं बैरूतला गेल्यापासून दारात माणूस दिसतो तो या वाटेमुळेच. मागच्या वर्षापर्यंत तुम्हीच हाका मारून लोकांना बसवायचात आणि भांडी घासताना मी कुरकुरायचे.

टेबल अंगणातच मांडलंय, सहा खुर्च्या. दाढी करून बसा.

आपला फारेस फोनवर धुळीचं बोलतो, तुमची बहीण कुत्र्यांचं. सहा महिने मीही तेच बोलले. आता पुरे. अर्धांगाच्या झटक्यानं तुमचं तोंड वाकडं झालंय आणि ते वाटेवरच्यांना दिसू नये म्हणून तुम्हाला भिंत हवी आहे.

दिसू दे की!

वदाद