करपलेली बट्टी

आप्पा, आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. वरण-बट्टीचा बेत, गोवऱ्यांचा विस्तव मी फुंकला, धूर माझ्या डोळ्यांत गेला, आणि ताटात आली ती काळीठिक्कर बट्टी. याची दाद कुठल्या दरबारात मागावी?

तुमच्या ताटात हीच असायची. पलटणीतून सुभेदार होऊन सारंगखेड्याला परतलात आणि घरात कायदा केलात : आधी आम्ही पोरं, मग आई, शेवटी तुम्ही. आई जेवतेय आणि तुम्ही वाढताय, हे बघून शेजारचे काका ओट्यावरून ओरडायचे, "सुभेदार, बाई जेवाले बसनी नि तुम्ही वाढी ऱ्हायनात? फौजमा हाईच शिकाडं का?"

"हाईच," तुम्ही म्हणायचात. "रसद पुरनी का नही, ते शेवटला माणूसलेच समजस." मग करपलेली बट्टी उचलायची. "माले करपेलच गोड लागस." आम्हाला ते खरं वाटायचं. मी तर काळ्या बट्ट्या तुमच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवायचो, फार मोठी पितृसेवा केल्यासारखा.

परवा नंदुरबारला नेतृत्व शिबिराला गेलो होतो, टिंगल लिहायला मजकूर मिळतो म्हणून. व्याख्याते त्यागावर दोन तास बोलले आणि जेवणाच्या रांगेत पहिले उभे राहिले. गुलाबजाम माझ्यापर्यंत पोचले नाहीत. लिहायला बसलो, पण विनोद सुचेना. डोळ्यांसमोर दवाखान्यातली तुमची खाट येत राहिली. त्या सकाळी तुम्ही आईला हळूच विचारता, "आज एखादी नरम बट्टी व्हई का?" आणि मी हसतो, "काय सुभेदार, बंड?" तुम्हीही हसता. घरी गेल्यावर करू, असं ठरतं. तुम्ही घरी आलात, पण जेवायला नाही.

आता आईला दात नाहीत. आज बट्ट्यांमधली सगळ्यात नरम मी तिच्यासाठी तुपात कुस्करली, ती जेवेपर्यंत वाढत राहिलो, मग बसलो. तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं.

"तू करपेल का बरं खाई ऱ्हायना?"

"माले करपेलच गोड लागस."

तिनं तुपाची वाटी उचलली आणि होतं नव्हतं ते सगळं माझ्या बट्टीवर ओतलं. तुमच्या बट्टीवरही ती असंच ओतायची.

हे पत्र कुठल्या छावणीच्या पत्त्यावर टाकू? राहू द्या इथंच. तुपानंही काही होत नाही, आप्पा. फार कडू लागते.