दोनशे बारा नाखवे

१५ ऑक्टोबर, मंगळवार

घडलं ते लिहून ठेवतो.

माझा लॅपटॉप दुरुस्तीला आहे. दोन दिवस माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रणालीचा वापरतोय—ती उठली की मी बसतो. वादळाचा इशारा होड्यांना पाठवणारा प्रोग्राम आमच्या कंपनीचा, पण नाखव्यांचे नंबर तिचे. थळच्या कोळीवाड्यात घरोघरी जाऊन तिनं ते मिळवले. तिचे वडील मोरू स्वतः नाखवा.

दुपारी एक वीसला तिनं दहा खोट्या नंबरांवर चाचणी घेतली आणि ती डबा खायला गेली. मेसेज रांगेत अडकून वीसेक मिनिटं उशिरा जातात. का, ते बघायला मी एक चाळीसला चाचणी पुन्हा चालवली. त्याआधी खरी यादी उघडून पाहिली होती. ती बदलायची राहिली.

'वादळ येत आहे. ताबडतोब किनाऱ्याला या.' दोनशे बारा नाखव्यांना.

आकाश स्वच्छ होतं. सगळे परतले. दोघांनी घाईत जाळी कापून समुद्रात सोडली.

खरी यादी आणि चाचणीची यादी एकत्र ठेवू नये—हा कागद भिंतीवर मीच चिकटवलाय!

१६ ऑक्टोबर

मालक गणराज सरांनी विचारलं, कोणी केलं? नोंदीत नाव लॅपटॉपवाल्याचं येतं. प्रणालीचं आलं.

ती माझ्याकडे आली. सर्व्हरचा लॉग तिला उघडत नाही, मला आणि सरांनाच उघडतो. म्हणाली, "सर, मी उठले तेव्हा यादी बरोबर होती असं वाटतंय. बघता का एकदा?"

बघितला. तिची एक वीसची चाचणी—दहा नंबर. त्याखाली एक चाळीसची—दोनशे बारा.

"चाचणी एकच आहे," मी म्हणालो. "तुझीच."

ती जायला वळली. मग म्हणाली, विसरलेच असेन. माझे आभार मानले.

१७ ऑक्टोबर

तिला एक तंत्र शिकवलं. मेसेज जाण्याआधी प्रोग्रामनं आकडा दाखवायचा आणि थांबायचं. तोच आकडा माणसानं हातानं टाइप केला तरच पुढे. बोटं आकडा लिहितात तेव्हा डोकं तो वाचतं. सोपं आहे, चांगलं आहे. तिनं वहीत उतरवून घेतलं.

तिचे डोळे सुजले होते. अक्षर नेहमीसारखंच.

१८ ऑक्टोबर

गणराज सर आम्हा दोघांना थळच्या बंदरावर घेऊन गेले. माफी तिनं मागायची होती. मागितली. मासळी निवडणाऱ्या बायकांनी हात थांबवले नाहीत. त्यांच्यातली बायजा म्हणाली, "आमचीच पोर, आमालाच बनवलंस. आता खरं वादल आलं तरी कोन वलनार न्हाय."

बाकीच्या हसल्या.

मोरू बाजूला उभे होते. निघताना माझ्याजवळ आले. "साहेब, तुमी तिला शिकवता. तिचीच चूक हाय ना?"

मी होय म्हणालो.

"मंग ठीक हाय," म्हणाले.

१९ ऑक्टोबर

एकशे ऐंशी नाखव्यांनी नंबर काढून टाकायला सांगितलं. काढले.

२१ ऑक्टोबर

प्रणालीला काढलं. जाण्याआधी तिनं आकड्याचं काम पूर्ण करून तपासायला मला पाठवलं. मी तपासलं. दोन चुका निघाल्या. त्याखाली लिहून परत पाठवल्या. तिनं त्या दुरुस्त केल्या, लॅपटॉप पुसला, चार्जरची वायर गुंडाळून वर ठेवली.

थळच्या रिक्षात तिच्याच वाड्यातली माणसं होती, म्हणून बसायचं टाळत होती. मागची रिक्षाही भरून जाऊ दिली, मग चालत निघाली. खिडकीतून दिसत होतं.

२२ ऑक्टोबर

गणराज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला. म्हणाले, मंगळवारी एक चाळीसला प्रणाली त्यांच्यासमोर दिवाळीच्या रजेचा अर्ज घेऊन उभी होती. लॉग त्यांनी त्याच संध्याकाळी पाहिला होता.

"बंदरावर नाव द्यायचं तर त्यांच्यातलंच द्यावं लागतं, ओंकार. बाहेरच्याचं दिलं तर ते कंपनीच्या दारात येतात. तू मध्येच खरं बोलतोस की काय, तेवढीच काळजी होती."

आजपासून टीम माझ्याकडे.

चहा प्यालो.