दाराजवळची खुर्ची

४ फेब्रुवारी
बाबा लग्नाला येणार नाहीत म्हणे! कोणाच्या? माझ्या. एकुलत्या एका मुलीच्या. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन उरकून या. दुकान कोण बघणार?" शिवणकामाचं दुकान, घराच्या खालीच, आणि गिऱ्हाईक म्हणजे पडद्यांना टिपा मारून घेणाऱ्या शेजारणी. चार दिवस बंद राहिलं तर कोण उघडं पडणार आहे?

लग्न नवऱ्याच्या गावी. बसने दिवसभराचा रस्ता, नोंदणी कार्यालयात सह्या, मग जेवण. आईने नुसता डाव आपटला. मी अर्ध्यावरून उठले. आता भूक लागलीये.

५ फेब्रुवारी
हॉस्पिटलात आज पोटाच्याच फायली. डॉक्टरांनी जे लिहिलं त्याला आजाराचा कोड लावायचा, हे माझं काम. ढीग बहुतेक आयबीएसचा — आतडं तपासणीत ठणठणीत, स्वभावाने चिडकं. सोबत जुलाब असतील तर के-५८.०. डॉक्टरांनी जुलाबांबद्दल काहीच लिहिलं नसेल तर के-५८.९, म्हणजे 'जुलाबाविना'. पेशंट बिचारा दिवसभर का पळत असेना, कागदावर नाही म्हणजे नाही!

शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही. पर्याय द्यायचे, त्यात 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हवेतच. आमच्या विभागाच्या मोठ्या बाई रोज बजावतात — "विचारा, पण घास भरवू नका."

एका फायलीत मात्र सगळं सविस्तर होतं. प्रवासाआधी जेवत नाही. कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरतो. अनोळखी जागी आधी संडास शोधून ठेवतो. मी के-५८.० टाकला, पुढची फाईल उघडली आणि मागचीच परत वाचायला घेतली. हे तर आमचे बाबा.

६ फेब्रुवारी
शाळेचं संमेलन — बाबा दाराजवळ. मावशीच्या गावाला कधीच नाहीत, "मला बस लागते." मला वाटायचं, माणूस मुलखाचा एकलकोंडा.

आईला विचारलं. "पोटाचं होय? ते आहेच त्यांचं. पण बोलायची सोय नाही." बायकोलाही कधी नीट सांगितलेलं नाही! आणि मी रोज परक्यांच्या पोटांचा हिशेब लावते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

८ फेब्रुवारी
तोंडावर विचारलं असतं तर शटर पाडून बसले असते. म्हणून ऑफिसच्या शिस्तीत कागद केला. 'लग्नाला न येण्याचं कारण: दुकान / जावई पसंत नाही / प्रवासात पोटाची काळजी / इतर / सांगता येत नाही.' शिलाई मशीनवर ठेवून आले. मोठ्या बाईंनी पाठ थोपटली असती.

संध्याकाळी कागद परत. कापडावर आखायच्या खडूने खूण केलेली — जावई पसंत नाही.

खूप रडले. रागही आला. झोपते.

९ फेब्रुवारी
भांडायलाच खाली गेले. बाबा जावयाचा कोट शिवत होते. आतून रेशमी अस्तर, स्वतःच्या कोटाला जन्मात लावलं नाही असं. नावडत्या जावयाला कोण असं अस्तर लावतं? लक्षणं आणि निदान अजिबात जुळत नाहीत! वाईटपणा घेतील, पण पोटाचं कबूल करायचे नाहीत. न भांडताच वर आले.

११ फेब्रुवारी
होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो आमच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. वाटलं, फुगून बसेल. हा हसत सुटला, आणि संध्याकाळी घरी हजर. कोट घालून बघायला म्हणून!

बाबा त्याच्या खांद्याला टाचण्या लावत होते. आमचे साहेब सहज म्हणाले, "काका, सकाळपासून माझ्या टेबलावर तपासायला आलेल्या संडासच्या डब्याच डब्या. वकिलांच्या, मास्तरांच्या, एका न्यायाधीशांचीसुद्धा. झाकण काढलं की सगळे सारखेच."

बाबांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढून ठेवली. "न्यायाधीशांची पण?"

"त्यांचीच सगळ्यात घाईची."

बाबा हसत हसत स्टुलावर बसलेच. मग बोलायला लागले. मी जिन्यात उभी. "काय सांगू तुला, बसमध्ये पाय ठेवला की आधी पोट तिकीट काढतं. ऐन सह्यांच्या वेळी उठून पळालो तर? पोरीची शोभा होईल रे चारचौघांत. त्यापेक्षा न गेलेलं बरं."

एवढ्यासाठी! मला इतका आनंद झाला की पुन्हा रडले.

१४ फेब्रुवारी
पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही. त्यांना सांगू दे." इथेही तेच, घास भरवू नका! बाबा आधी आपल्या बुटांशी बोलले, मग हातवाऱ्यांसकट. मधेच मला म्हणाले, "तू जरा बाहेर बस." बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता. तपासण्या लिहून दिल्यात, दुर्बिणीचीही.

२४ फेब्रुवारी
तपासण्या स्वच्छ. आयबीएसच. औषध सुरू, काय टाळायचं ते सांगितलंय, प्रवासासाठी गोळी वेगळी. फाईल आमच्या विभागात आली, पण घरच्या माणसाची फाईल आपण उघडायची नसते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे गेली.

आमच्या कोडांची गंमत मी बाबांना आधीच सांगितली होती. रात्री जेवताना तेच म्हणाले, "जुलाबांसकट लिहा म्हणून सांगून आलोय मी डॉक्टरांना. तुमच्या त्या नऊवाल्यांत नाही बसायचं मला." आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

६ मार्च
दुकानावर पाटी — 'मुलीचं लग्न. दुकान बंद.' कधी उघडणार ते लिहिलेलंच नाही!

८ मार्च
झालं लग्न! बाबा पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. पेन हातात घेतलं आणि माझंच पोट ढवळलं. दरदरून घाम. सगळे माझ्याकडे बघतायत. बाबा उठून कानाशी आले — "डावीकडे, जिन्याखालचं. कडी लागते, पाणी आहे. आल्या आल्याच बघून ठेवलंय. जा तू, मी थांबवून धरतो यांना."

परत आले तेव्हा ते अधिकाऱ्यांना सांगत होते, "आमच्या घराण्यातच आहे हे." आणि दाराजवळच्या खुर्चीवर त्यांनी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता.