चार मोकळ्या जागा

बाई, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुम्ही शिकवलेल्या टायपिंगवरच पोट भरून राहिले. मुखेडला एसटी स्टँडमागच्या तुमच्या क्लासातली एक दुपार मला अजून दिसते. दवाखान्यातल्या पेशंटांच्या औषधांची यादी मी टाइप केलीय आणि एक ओळ खाली सरकलीय. एवढ्यानं काय होतंय, असं मी पुटपुटले. तुम्ही मशीनमधून कागद ओढलात, माझ्यापुढं धरलात. "गोळी ह्याची, नाव त्याचं. खाणार कोण, सांग की." अख्खं पान परत टाइप करायला लावलंत आणि संपेपर्यंत शेजारी बसून राहिलात.

आता मी नांदेडला घरूनच काम करते. संगणकाच्या मेमरीतलं नको असलेलं आपोआप काढून टाकणारा एक प्रोग्राम आहे. त्याच्या माहितीची पानं नीट मांडायची. मथळे, समास, मोकळ्या जागा, एवढंच. मजकुराला हात लावायचा नाही. मागच्या महिन्यात एका पानावर इशारा होता: ही सेटिंग चालू ठेवली तर साठवायची राहिलेली, वापरातली माहितीही पुसली जाऊ शकते. त्या ओळीआधी माझ्याकडून चार मोकळ्या जागा जास्त पडल्या. तेवढ्या जागा दिसल्या की संगणक ती ओळ नमुन्याचा कोड समजतो, म्हणून ती वरच्या उदाहरणाच्या राखाडी चौकटीत गेली. तिथलं कोणी वाचत नाही, नुसतं उचलून वापरतात.

काल सकाळी लातूरहून आमच्या साहेबांचा फोन आला. एका रक्तपेढीत ती सेटिंग चालू होती. तपासण्यांचे अर्धे निकाल गेले, कोणती पिशवी तपासलेली ते कळेना, आणि कळायच्या आत तीन पिशव्या वॉर्डात पोचल्या होत्या. साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली.

"त्या पानाला कोणी हात लावला होता?"

"आधीपासूनच तसं होतं," मी म्हणाले.

मग मी ती ओळ गुपचूप जागेवर आणली. पण तिथं प्रत्येक बदलाची नोंद राहते, नावासकट, वेळेसकट. कालच्या बदलाचीही. साहेब आज ती काढून बघणार आहेत. दुपारचे तीन वाजलेत, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि फोन अजून वाजलेला नाही.

तुम्ही असता तर हे पत्र घेऊन मुखेडला आले असते, असं लिहिणार होते. नसते आले. फोनवर त्या तीन माणसांचं काय झालं, हे मी विचारलं नाही, बाई. माझं नाव कुठं दिसतंय, ते आधी बघितलं.